मर्व ट्रेलोअरने जमीन वर आणली

मर्व ट्रेलोअरने उभं आयुष्य शाळेची बस चालवली. मेरीबरोच्या आसपासच्या उसाच्या मळ्यांतली पोरं सकाळी गोळा करायची, शाळेच्या दारात ओतायची, दुपारी परत भरायची. आज आमच्या गावात जी माणसं बँकेत, पोलिसात, नगरपालिकेत रुबाबात बसलेली दिसतात, त्यांतली निम्मी मर्वच्या पाठीमागे बसून मोठी झाली. अजूनही मर्व एखाद्या दुकानात शिरला की चाळिशीतले बाप्ये खिशातले हात बाहेर काढतात. ओरडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. असतं तरी त्या गोंगाटात ते कुणाला ऐकू गेलं नसतं.

अशा माणसाला निवृत्तीनंतर शांततेची चटक लागावी यात नवल नाही. नवल पुढे आहे. तो दातांची कवळी बसवून घ्यायला आगगाडीने ब्रिस्बेनला गेला आणि परत आला तो दोन खोकी घेऊन. दात नव्हते. खोक्यांत तबकड्या वाजवायचं टर्नटेबल होतं.

"दात कुठायत?" त्याच्या बायकोने, नोलीनने, दारातच विचारलं.

"दात पुढच्या खेपेला. आधी ऐक. दुकानात त्याने एका बाईचं गाणं लावलं. गाणं सुरू करायच्या आधी ती श्वास घेते, नोलीन. मला तो श्वास ऐकू आला."

"मग? श्वास न घेता कोण गातं?"

"तसं नव्हे गं. ती माझ्या शेजारी उभी होती."

"आणि तू बोळक्या तोंडाने तिच्याकडे बघत होतास. छान दिसलं असेल."

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक आंबा आहे. त्याचे आंबे कुणाचे यावरून आमचं कधी भांडण झालं नाही, कारण ते वटवाघळं आधीच ठरवून टाकतात. त्या दिवशी खोकी जिन्याने वर चढवायला मी हात लावला आणि त्या गोष्टीत जो अडकलो तो अडकलोच.

मी समजत होतो, वायर जोडायची, तबकडी ठेवायची, बटण दाबायचं. मर्वने दिवाणखान्यातलं टेबल खिडकीशी ओढलं, हात साबणाने धुतले आणि चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला. जड धातूची थाळी त्याने तिच्या आसावर ठेवली. ती एकदम खाली बसली नाही. आसाभोवतीच्या तेलात ती दमादमाने उतरत गेली, जशी एखादी म्हातारी राणी सिंहासनावर बसते. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. मर्व पुटपुटला, "बघ, तिला घाई नाही."

मग आला तो सुईचा हात. त्याच्या मागच्या बाजूला एक लहानसं वजन असतं. ते केसाकेसाने पुढेमागे करत मर्वने तो हात असा तोलला, की तो हवेतच राहिला. वर नाही, खाली नाही. मी जरा जोरात श्वास सोडला तर तो दचकला. त्यानंतर त्याने सुईवर किती भार द्यायचा ते एका इवल्याशा तराजूवर मोजलं. अर्धा चमचा साखर, त्याहून जास्त नाही. आमच्या गावात साखरेचे डोंगर असतात, पण अर्धा चमचा साखरेपुढे एवढ्या आदराने उभा राहिलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"या टोकाला हिऱ्याचा कण आहे," मर्वने सांगितलं. "तो खाचेत उतरतो. खाचेला दोन भिंती. त्या भिंतींना जो खडबडीतपणा आहे ना, तोच त्या बाईचा आवाज. सुई भिंत चाचपत जाते. आंधळा माणूस बोळातून जातो तशी."

"आणि चुकली तर?"

"चुकत नाही. तिला फक्त कुणी धक्का देता कामा नये."

पाणसळ ठेवून, टेबलाच्या पायांखाली पत्ते सारून, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणून शेवटी एकदाची ती तबकडी फिरली. मी खुर्चीत बसलो होतो. आधी नुसती शांतता आली. पण ती रिकामी शांतता नव्हती. कुठल्या तरी खोलीतली शांतता होती, तिला भिंती होत्या, छत होतं, मला वाटतं तिथे एक गालिचाही होता. मग त्या खोलीत कुणीतरी पियानोच्या खुर्चीवर सरसावून बसलं आणि खुर्ची करकरली. मी मागे वळून पाहिलं. खरं सांगतो, वळून पाहिलं. मागे मर्वचं कपाट होतं. माझ्या अंगावर काटा आला. मेलेली का जिवंत कोण जाणे, पण एक बाई समुद्र ओलांडून, वर्षं ओलांडून, मर्वच्या पडद्यांपाशी येऊन उभी राहिली होती आणि आता तोंड उघडणार होती.

तेवढ्यात नोलीन भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊन आली.

तिने तीन पावलं टाकली असतील. सुईने खर्रकन उडी मारली आणि त्या बाईने पहिल्या शब्दाऐवजी एकदम तिसऱ्या कडव्यात तोंड उघडलं.

नोलीन तशी बुटकी, पण भरभक्कम. आणि ती नुसती चालायची नाही, ती ठेक्यात चालायची. दर शनिवारी गावच्या सभागृहात जुन्या पद्धतीचा नाच असतो. तिथे नोलीन पहिल्या वॉल्ट्झपासून शेवटच्या चहापर्यंत एकदाही बसत नसे. मर्व नाचत नाही. तो भिंतीशी बसून तिची पर्स सांभाळायचा. घरात इस्त्री करताना, पुडिंग ढवळताना, फोनवर बोलताना तिचे पाय चालूच. ती कानांनी नाही, पायांनी ऐकायची. गाणं कसं आहे विचारलं तर पाय पुढे करून दाखवायची.

आणि घर होतं आमच्याकडची सगळी जुनी घरं असतात तसं. लाकडी, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच खुंटांवर उभं, खाली मोकळं. खाली धुण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, गवत कापायचं यंत्र, रंगाचे वाळलेले डबे. वर नोलीन एक गिरकी घ्यायची तर खालच्या खिळ्यांना टांगलेले नट आवळायचे पाने किणकिणायचे. या घराला हलायचं कसं ते येतं, म्हणून ते इतकी वादळं सोसून उभं आहे. पण हे वादळाला सांगायचं. अर्धा चमचा साखरेला कोण सांगणार?

त्या दिवसापासून ट्रेलोअरांच्या घरात नवे कायदे आले. तबकडी लागायच्या आधी बूट काढायचे. बसायचं. बसल्यावर पाय हलवायचा नाही. कुत्रा बाहेर. फ्रीज मधूनच थडथडतो, म्हणून फ्रीज बंद. त्यात एकदा आईस्क्रीम गेलं, आणि नोलीन म्हणाली की त्या बाईच्या एका श्वासाची किंमत एक डबा व्हॅनिला झाली आहे, हे तिला कळवायला हवं. मी एकदा बिस्किट तोंडात धरून अख्खी एक बाजू ऐकली. चावायची हिंमत झाली नाही.

बिचाऱ्या मर्वने उपाय कमी केले नाहीत. टेनिसचे चेंडू अर्धे कापून टेबलाखाली ठेवले. सायकलच्या ट्यूब फुगवून त्यावर फरशी ठेवली. वाळूची पेटी केली. शेवटी भिंतीला फळी ठोकून यंत्र तिच्यावर चढवलं. पण आमच्या भिंती म्हणजे एकेरी फळ्यांच्या. शेजारी मी दार लावलं तरी त्यांना कळतं. दर उपायानंतर मर्व म्हणायचा, "नोलीन, जरा चालून बघ." आणि नोलीन चालून बघायची, आणि खर्र.

हळूहळू नोलीन चवड्यांवर चालायला शिकली. मग मोजे घालून चालायला शिकली. मग फिरायचं असेल तर अंगणात उतरायला शिकली. एकदा मी कुंपणापाशी होतो. पाहतो तर ही बाई स्वतःच्या घराचा जिना चोरासारखी चढत होती, एका हाताने कठडा धरून. मला पाहून हसली. पण तिने ते हसणंही हळूच केलं, आणि ते मला आवडलं नाही.

तिची बहीण लॉरेल समुद्रकाठच्या हर्वी बे गावात राहते. तिचं घर नवं, जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटवर बसवलेलं. नोलीन आधी रविवारी तिच्याकडे जायला लागली. मग शनिवारचा नाच संपला की परस्परच जायची. मग मंगळवारी परतायची.

"लॉरेलला बरं नाही का?" मी विचारलं.

"लॉरेलला काय धाड भरलीय? तिच्या घरी मी इस्त्री करू शकते, एवढंच."

मी मर्वला म्हटलं, "तुला दिसतंय का काही?"

"दिसतंय," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तिला हे ऐकवीन. म्हणून तर आणलं. आणि ती ऐकायला बसली की तिचे पाय कसनुसे होतात. तिला बसवलं तर ती ऐकत नाही, आणि उठवलं तर सुई ऐकत नाही."

त्याने यंत्र विकायचीही तयारी दाखवली. तेव्हा मी तिथेच होतो. नोलीन बटाटे सोलत होती. म्हणाली, "विकू नकोस. विकलंस तर तू मरेपर्यंत त्या रिकाम्या जागेकडे बघत बसशील, आणि मला तुझं ते तोंड बघत बसावं लागेल. मी लॉरेलकडे राहीन. रागाने नाही हं, मर्व. पायांसाठी. तू शनिवारी येत जा पर्स सांभाळायला."

एवढं साधेपणाने ती बोलली, की मर्वच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. रागावलेल्या बायकोची समजूत काढता येते. पण शांतपणे बटाटे सोलणाऱ्या बायकोला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खालून ठकठक ऐकू आली. मर्व घराखाली उभा होता, मान वर करून आपल्याच दिवाणखान्याच्या खालच्या बाजूकडे, फळ्यांकडे आणि तुळयांकडे बघत. हातात काठी.

"घर हलतं," तो म्हणाला. "घराचा काय दोष? ते हलायलाच बांधलंय. मी मूर्खासारखा घर थांबवायला बघत होतो, बायको थांबवायला बघत होतो. यंत्र घरात ठेवायलाच नको."

"मग कुठे ठेवणार? आंब्यावर?"

"जमिनीवर."

"जमीन इथे आहे, मर्व. तू राहतोस वर."

"म्हणून जमीन वर आणायची," तो म्हणाला.

मी हसायच्या बेतात होतो, पण त्याचं तोंड बघून थांबलो. खाली खड्डा खणायचा, घट्ट चिकणमाती लागेपर्यंत. त्यात पाया ओतायचा. त्यावर विटांचा खांब चढवायचा, वर, वर, थेट दिवाणखान्याच्या फळ्यांतून आरपार, टेबलाच्या उंचीपर्यंत. फळ्यांना भोक असं पाडायचं, की खांब कुठेही घराला शिवणार नाही. चारी बाजूंनी दोन बोटं हवा. यंत्र त्या खांबाच्या डोक्यावर. म्हणजे यंत्र असेल दिवाणखान्यात, पण उभं असेल बाहेर.

नोलीनला हे सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या दिवाणखान्यात विहीर खणायचीय तुला."

"उलटी विहीर."

"आणि त्या भोकातून साप वर आला म्हणजे?"

"आला तर तोही ऐकेल."

"ठीक आहे," नोलीन म्हणाली. "पण एक ऐक. तुझा खांब झाला की मी नाचणार. दिवाणखान्यात, तबकडी वाजत असताना, बूट घालून. सुई जागची हलली नाही तर मी इथली. हलली तर लॉरेलला फोन करायचा, आणि त्यानंतर मला एकदाही 'जरा चालून बघ' म्हणायचं नाही."

मर्वने मान हलवली. मला वाटतं, त्याने बसच्या परीक्षेतही एवढ्या गंभीरपणे मान हलवली नसेल.

कामाला स्पीडीला बोलावलं. स्पीडी हा आमच्या गावातला सगळ्यात संथ सुतार, म्हणून त्याचं नाव स्पीडी. आमच्याकडे नावं अशीच पडतात, लाल केसांच्या माणसाला निळ्या म्हणतात. त्याचा जन्म घरांच्या खाली गेला. कुजका खुंट काढायचा, नवा बसवायचा, वाळवी वर चढू नये म्हणून खुंटाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी घालायची, आणि सगळं सगळ्याला घट्ट बांधायचं. वादळाच्या मुलखात छप्पर भिंतीला बांधतात, भिंत तुळईला, तुळई खुंटाला, आणि खुंट जमिनीत पुरतात. सुटं असं काही ठेवतच नाहीत.

"हा खांब कशाला आधार देणार?" स्पीडीने विचारलं.

"कशालाच नाही."

"कशालाच नाही," स्पीडी स्वतःशी म्हणाला. तंबाखू कागदात वळली, पेटवली, ओढून संपवली. "म्हणजे घराखाली उभा राहणार आणि घराचं वजन घेणार नाही."

"बरोबर."

"माझा मेहुणा असाच आहे."

पाडलेल्या जुन्या बेकरीच्या भट्टीच्या विटा मर्वने आणल्या. मी त्या वाहिल्या. खड्ड्यात मर्व स्वतः उतरला, निवृत्त माणसाने खणू नये तितका खोल, आणि तिथून त्याची टोपी तेवढी दिसायची. विटा एकावर एक चढत गेल्या. प्रत्येक थराला पाणसळ, प्रत्येक थराला ओळंबा. मधल्या पोकळीत कोरडी वाळू भरली. मग एक दिवस स्पीडीने वर दिवाणखान्यात फळ्या कापल्या. नोलीन स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली, दात काढणाऱ्या डॉक्टरकडे मुलाला नेल्यावर आई उभी राहते तशी. खालून खांब वर आला. घरात, दिवाणखान्याच्या मधोमध, एक पाहुणा मातीतून डोकं काढून उभा आहे, असं काहीतरी विचित्र वाटलं. मी त्या फटीतून खाली बघितलं. खूप खाली, अंधारात, जमीन होती.

चुना-सिमेंट सुकू दिलं. मर्व पुन्हा ब्रिस्बेनला जाऊन आला, या खेपेला खरोखरच दातांसाठी. आणि ठरलेल्या रविवारी दुपारी आम्ही सगळे वर जमलो.

नोलीनने निळा झगा घातला होता आणि शनिवारचे नाचाचे बूट. बॅग भरून दाराशी ठेवली होती. ती तिने लपवली नव्हती, मिरवलीही नव्हती. मर्वने हिऱ्याची सुई खाचेत उतरवली. वॉल्ट्झ होता. तीच खोली, तोच गालिचा, तीच करकरणारी खुर्ची. मी श्वास धरला. नोलीन पाऊल टाकून पुढे आली, दुसरं टाकलं, हात पसरून वळली.

खर्र.

नुसती उडी नाही. सुई तबकडीवरून घसरत पार कडेला गेली. इतकी वाईट ती कधीच उडाली नव्हती.

स्पीडीने हातातला स्कोन ताटलीत ठेवला. मर्व यंत्राजवळ गेला, सुईचा हात उचलून जागेवर ठेवला, आणि तिथेच उभा राहिला, पाठ आमच्याकडे करून. त्याची मानगूट लाल झाली होती. नोलीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग आत जाऊन लॉरेलला फोन केला. "हो, आजच," एवढंच मला ऐकू आलं.

"माझे कपडे खाली वाळताहेत," ती परत येऊन म्हणाली. "तेवढे काढते." आणि जिना उतरली. बूट घालून, खाडखाड. आता चवड्यांवर चालायचं कारण उरलं नव्हतं.

स्पीडी आणि मी तिच्या मागोमाग उतरलो. वर मर्वला एकट्याला सोडणं बरं, असं दोघांनाही वाटलं. वर मर्व येरझाऱ्या घालायला लागला. नोलीन दोरीवरचे कपडे काढत होती. एक चादर खांबाच्या पलीकडे होती. तिच्याकडे हात लांब करताना तोल सावरायला तिने दुसरा हात खांबाला टेकला, आणि तशीच थांबली.

"हा मर्व वर चालतोय का?" तिने विचारलं.

"हो. ऐकू येतंय की."

"ऐकू नाही. मला विटेत जाणवतंय." तिने दोन्ही तळवे विटांवर सपाट ठेवले. डोळे मिटले. "डावा पाय. उजवा. आता वळला. आता थांबला." आणि वर खरोखरच पावलं थांबली. "मर्व म्हणाला होता, हा घराला शिवत नाही. मग याला कसं कळतंय मर्व कुठे आहे ते?"

मी वर बघितलं. चारी बाजूंना दोन बोटं हवा, जशी ठरली होती तशी. नोलीनने चादर खांद्यावर टाकली आणि खांबाभोवती हात फिरवत, वर चाचपत हळूहळू एक फेरी घातली. पलीकडच्या बाजूला, जिथे खांब मोठ्या तुळईच्या शेजारून जातो, तिथे अंधार होता. तिथे तिचा हात थांबला.

"हे काय आहे?"

लाकडाची पाचर होती. तुळई आणि खांब यांच्या मध्ये घट्ट ठोकलेली. जुन्या काळवंडलेल्या लाकडात ती नवी, पिवळीधमक दिसत होती.

आम्ही दोघांनी स्पीडीकडे बघितलं.

"ती मी मारली," स्पीडी म्हणाला. त्याच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता. "मर्व दात आणायला गेला त्या दिवशी. एवढा उंच खांब, एकटा, कुणी धरायला नाही, कुणी बांधलेला नाही. मला घरी जाऊन झोप लागेना. म्हटलं, एवढा तरी आधार असू दे बिचाऱ्याला."

"स्पीडी," नोलीन म्हणाली, "तो एकटा असायलाच बांधलाय."

"ते तू म्हणतेस. वारा सुटल्यावर त्याला कोण सांगणार?"

पण तो हातोडा घेऊन आला. आयुष्यात त्याने हे एकच काम चटकन केलं. दोन ठोके खालून, एक बाजूने, आणि पाचर टुणकन सुटून धुण्याच्या टाकीत पडली. नोलीनने पुन्हा तळवे विटांवर ठेवले. "मर्व," तिने फटीतून वर हाक मारली, "चाल."

वर चार पावलं वाजली.

"अजून चाल. जोरात."

ती वाट बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. एखाद्या दारावर कान लावून बसलेल्या माणसासारखी ती होती, आणि आत कुणी नव्हतं. "गेला," ती हळूच म्हणाली. "मर्व गेला. विटेत कुणीच नाही."

मग माझ्याकडे वळली. "तू इथेच थांब. याला हात लावून उभा राहा. मला नंतर सांग." आणि जिना चढली, खाडखाड, एकेक पायरी वाजवत.

मी खांबाला हात लावून उभा राहिलो. स्पीडी शेजारी. वर काही बोलणं झालं, ते कळलं नाही. मग फटीतून तो वॉल्ट्झ खाली झिरपला, आणि त्याच्यावर पावलं पडायला लागली.

मी या मुलखात इतकी वर्षं राहिलो, पण नाचणारं घर खालून कधी बघितलं नव्हतं. तुळया कुरकुरायला लागल्या. फळ्या वाकत होत्या, सरळ होत होत्या. खिळ्यांवरचे पाने किणकिणले, रंगाचे डबे एकमेकांना भिडले, दोरीवरचा उरलेला झगा आपोआप डुलायला लागला. नोलीन गिरकी घेई तिथे तिथे वरून धूळ गळे, आणि फटीतून येणाऱ्या उन्हात ती धूळ सोन्यासारखी फिरत खाली येई. सगळं घर डोलत होतं, भरतीतलं जहाज डोलतं तसं. आणि माझ्या तळव्याखाली, त्या सगळ्याच्या ऐन मधोमध, भट्टीच्या जुन्या विटा थंडगार, गप्प उभ्या होत्या. कुठे म्हणून काही कळत नव्हतं त्यांना. खालून पृथ्वी वर आली होती आणि तिच्या डोक्यावर अर्धा चमचा साखरेएवढा भार ठेवून एक हिऱ्याचा कण आपला बोळ चाचपत चालला होता, एकदाही न अडखळता. माझे पाय नकळत जमिनीवर घट्ट झाले. देवळात गेल्यावर होतात तसे.

"घर पडेल," स्पीडी कुजबुजला. कुजबुजायचं काही कारण नव्हतं. "घर पडेल, आणि हा तसाच राहील."

बाहेर गाडी येऊन थांबली. भोंगा वाजला, मग पुन्हा वाजला. थोड्या वेळाने लॉरेल स्वतःच घराखाली आली, कपाळाला आठ्या घालून, मागे गाडी चालूच ठेवून.

"नोलीन कुठाय? तिची बॅग?"

मी मोकळा हात वर केला. लॉरेलने वर पाहिलं. तिच्या केसांवर धूळ पडली, ती तिने झटकली नाही. मग माझा दुसरा हात बघितला.

"खांब धरून काय उभे राहिलात दोघं? पडतोय का?"

"हात लावून बघ," स्पीडी म्हणाला.

तिने हातमोजा काढला आणि हात लावला. वर नोलीन खिडकीपासून कपाटापर्यंत झपाट्याने गेली, तुळई कण्हली. लॉरेलने हात काढला, परत लावला.

"हा का नाही हलत?" ती म्हणाली.

तिघं हात लावून उभे राहिलो. तबकडीची बाजू संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग सुई वर उचलल्याचा बारीकसा आवाज आला, आणि घर एकेका फळीने शांत होत गेलं.

वरून नोलीनचा आवाज आला, धापा टाकत. "मर्व, नुसता काय बघतोयस? उलटव की. दुसरी बाजू लाव."

लॉरेल गाडीचं इंजिन बंद करायला गेली.